सडा पडीक नसतो : जांभ्याच्या पठारांवर आपण काय करत आहोत?

कातळवाट (धाग्याची सुरुवात)

रत्नागिरी तालुक्यातील आमच्या वाडीच्या वर जो सडा (जांभ्या दगडाचे सपाट, उघडे पठार) आहे, त्यावर यंदा श्रावणात गेलो तेव्हा पूर्वेकडचा सुमारे दोन एकरांचा कातळ यंत्राने फोडून सपाट केलेला दिसला. सुटे दगड गोळा करून कडेने गडगा (दगडी कुंपण) रचला होता आणि खालून आणलेली लाल माती ट्रॅक्टरने वर टाकून पसरली होती. जमीन खाजगी आहे, मालकाने सर्व काही रीतसर केले आहे, त्यामुळे तक्रार कोणाविरुद्ध करावी असा प्रश्न नाही. तरीही त्या दिवसापासून मन अस्वस्थ आहे, म्हणून हा धागा काढत आहे.

ज्यांनी सडा फक्त मे महिन्यात पाहिला आहे, त्यांना तो काळाकुट्ट, तापलेला, निरुपयोगी खडक वाटतो, आणि त्यात त्यांचा दोष नाही. तोच सडा जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून ओळखू येत नाही. खळग्यांत पाणी साचते, जेमतेम बोटभर मातीतून दिपकाडीची पांढरी फुले वर येतात, आणि भाद्रपद उजाडेपर्यंत सीतेच्या आसवांची निळी-जांभळी चादर आणि त्यामध्ये गेंदाचे पांढरे ठिपके असा सगळा रंग होतो. ऑक्टोबर सरता सरता गवत पिवळे पडते आणि सडा पुन्हा निजतो. वर्षातले जेमतेम चार महिने तो जागा असतो, आणि या चार महिन्यांतच तिथल्या प्रत्येक रोपाला उगवून, फुलून, बी टाकून मोकळे व्हावे लागते.

सातबाऱ्यावर मात्र अशा जमिनीपुढे ‘पोटखराब’ असे लिहिलेले असते. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशातही उघड्या खडकाची जमीन पडीक म्हणूनच मोजली जाते. माझे म्हणणे असे आहे की सड्याचे सर्वाधिक नुकसान या एका शब्दाने केले आहे. जी जमीन मुळातच ‘खराब’ ठरवली गेली, तिच्यावर काहीही केले तरी ती सुधारणाच मानली जाते. माती टाकली तर सुधारणा, झाडे लावली तर सुधारणा, खाण काढली तर निदान काही उपयोग झाला. सडा आहे तसा ठेवणे हासुद्धा जमिनीचा एक वापर आहे, हे कोणत्याही कागदावर लिहिलेले मला अद्याप दिसलेले नाही.

आपापल्या भागातील सड्यांचे, पठारांचे काय झाले आहे, हे कृपया सविस्तर लिहावे.

---

अमरी

कातळवाट यांनी मातीचा उल्लेख केला, त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण बाहेरून माती आणून टाकल्याने सड्याचे भलेच होते असा समज अगदी निसर्गप्रेमी मंडळींतही आढळतो.

जांभा तयार होतो तो मूळ खडक लाखो वर्षे उष्ण आणि अतिवृष्टीच्या हवामानात कुजत राहिल्याने. आपल्याकडे तो मूळ खडक म्हणजे बहुतांशी बेसॉल्ट. पावसाचे पाणी त्यातील सिलिका, चुना, मॅग्नेशियम असे विरघळणारे घटक वाहून नेते आणि लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे मागे उरतात, म्हणून त्याला तो तांबडा रंग असतो. याचा अर्थ, वनस्पतीला लागणारे बहुतेक पोषण सड्यावरून केव्हाच धुऊन गेलेले आहे. मातीचा थर पातळ, आम्लधर्मी, पावसाळ्यात पाण्याने तुडुंब आणि उन्हाळ्यात कोरडा ठक्क. मोठी झाडे आणि जोमदार गवते येथे टिकत नाहीत, आणि ती टिकत नाहीत म्हणूनच वीतभरसुद्धा उंच न होणाऱ्या नाजूक वनस्पतींना जागा मिळते.

सीतेची आसवे ही कीटकभक्षी वनस्पती आहे. मातीत नत्र नाही म्हणून ती पाण्यातले सूक्ष्म जीव मुळांसारख्या भागांवर असलेल्या बारीक पिशव्यांत पकडते. दवबिंदू ही वनस्पती तेच काम पानांवरच्या चिकट केसांनी करते. सप्टेंबरमध्ये कातळावर गुडघे टेकून बसावे आणि दवबिंदूचे पान जवळून पाहावे. प्रत्येक लाल केसाच्या टोकाला एक थेंब चकाकत असतो, आणि एखाद्या पानावर चिलट चिकटलेले असते व पान त्याच्याभोवती हळूहळू वळत असते. अशा वनस्पतीला आपण शेणखत घातलेली माती दिली, तर तिचे कल्याण होत नाही. तिथे इतर जोमदार तण आणि गवत येते आणि तिला झाकून टाकते. तिची गरिबी हेच तिचे संरक्षण होते, आणि आपण नेमके तेच काढून घेतो.

दुसरा मुद्दा सुट्या दगडांचा. आपल्याकडे गडगा घालायचा म्हटले की सड्यावरचे दगड उचलणे हे अगदी नेहमीचे आहे. पांढऱ्या पट्ट्यांची एक लहान पाल (हेमिडॅक्टिलस अल्बोफॅसिएटस) शास्त्राला 1963 मध्ये प्रथम ज्ञात झाली. ती दक्षिण कोकणातील सड्यांवर राहते आणि दिवसभर अशाच दगडांखाली दडून असते. मी एकदा तळहाताएवढा जांभ्याचा दगड उचलला तेव्हा खाली ती होती. करंगळीपेक्षा बारीक, तपकिरी अंगावर फिकट आडवे पट्टे, आणि ऊन लागताच ती क्षणभर थिजल्यासारखी झाली. दगड होता तसाच, त्याच खळीत परत ठेवला. वरचे ऊन भाजून काढत असताना त्या दगडाखालची जागा हाताला गार आणि किंचित ओलसर लागली होती, हे मला आजही आठवते. दोन एकरांवरचे सगळे दगड गडग्यात गेले, तर अशी किती घरे गेली याचा हिशेब कोणी करत नाही.

---

कलमवाला

मी देवगड तालुक्यातील बागायतदार आहे आणि माझी स्वतःची दीडशे कलमे कातळावर आहेत, त्यामुळे या धाग्यावर लिहावे की नाही असा विचार दोन दिवस करत होतो.

आमची बाजूही समजून घ्यावी, अशी विनंती आहे. 1990 मध्ये राज्य सरकारने रोजगार हमी योजनेशी जोडून फळबाग लागवडीची योजना आणली आणि कोकणात पडीक जमिनीवर लागवड करण्यासाठी अनुदान मिळू लागले. त्याआधी माझे वडील मुंबईत गिरणीत होते आणि घरची जमीन म्हणजे मळ्यातली चार गुंठे भातशेती व वरचा कातळ. ज्या पिढीची पोरे नोकरीसाठी मुंबईला जात होती, त्या पिढीला पहिल्यांदा गावात राहून उत्पन्न मिळेल अशी आशा या कातळाने दिली. सुरुंग लावून खड्डे फोडायचे, त्यात माती आणि शेणखत भरायचे, कलम लावायचे आणि पहिली काही वर्षे उन्हाळ्यात डोक्यावरून पाणी आणून घालायचे. माझ्या आईने चार वर्षे हंड्याने पाणी घातले आहे. कातळावर पाण्याचा निचरा उत्तम होतो, खडक तापतो, आणि तिथल्या हापूसला जो रंग आणि गोडी येते ती सखल मातीतल्या कलमाला येत नाही, हे अनुभवाने सांगतो. या बागांनी वाड्या जगवल्या, हे कोणी विसरू नये.

मात्र तेव्हाची लागवड आणि आजची लागवड यांत मोठा फरक आहे, हेही मान्य करतो. आम्ही एकेका कलमापुरता खड्डा मारत होतो. दोन कलमांमधला कातळ तसाच राहत होता आणि त्यावर आजही पावसात फुले येतात. आता जेसीबी आणि पोकलेन आल्यापासून पूर्ण कातळ सोलून काढतात, डबकी बुजवतात, एकसारखे सपाटीकरण करतात आणि वर ट्रकने माती टाकतात. त्यानंतर तणनाशक मारतात. मोहोरावर औषधांच्या फवारण्याही पूर्वीच्या तुलनेत खूप वाढल्या आहेत. कष्ट कमी झाले, आणि कष्ट कमी झाल्यामुळे जे पूर्वी एका कुटुंबाला दहा वर्षांत जमले असते ते आता आठवड्याभरात होते. पूर्वी आमच्या अंगातली ताकदच सड्याला वाचवत होती, असे आता वाटते.

---

कातळवाट

कलमवाला, आपण लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. आपल्या आईंच्या हंड्याविषयी वाचून माझी आजी आठवली, तीही गुरांसाठी सड्यावरच्या तळीवर पाणी भरायला जात असे. माझा रोख बागांवर नाही, सपाटीकरणावर आहे, हे मी सुरुवातीलाच स्पष्ट लिहायला हवे होते. खड्डा आणि सपाटीकरण यांतला जो फरक आपण मांडला, तो मला तितक्या नेमकेपणाने मांडता आला नसता.

---

पाणलोट

मी भूजलाच्या कामानिमित्त कोकणात बरीच वर्षे फिरलो आहे. फुलांविषयी मला फारसे कळत नाही, पण पाण्याविषयी लिहितो, कारण गावातल्या माणसाला सडा वाचवण्याचे पटणारे कारण बहुतेक वेळा पाण्यातच सापडते.

जांभा सच्छिद्र असतो. हातात धरून पाहिला तर त्यात आरपार नळ्यांसारखी भोके दिसतात. सड्यावर पडलेल्या पावसाचा काही भाग वाहून जातो, पण काही भाग भेगांतून आणि या नळ्यांतून खाली उतरतो. जांभ्याच्या खाली बहुतेक ठिकाणी चिकणमातीचा थर असतो, त्यातून पाणी सहज झिरपत नाही. मग ते पाणी त्या थरावरून आडवे सरकत जाते आणि जिथे सड्याची कड उतारावर उघडी पडते तिथे झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. कोकणातल्या असंख्य वाड्या सड्याच्या पायथ्याशीच का वसल्या आहेत, पाट आणि विहिरी त्याच ओळीत का आहेत, आणि देवराई व तिच्यातली बारमाही तळी नेमकी तिथेच का आहे, याचे उत्तर या थरात आहे. सडा म्हणजे त्या वाडीच्या डोक्यावरची पाण्याची टाकी होय, असे मी ग्रामसभेत सांगतो, आणि ते लगेच समजते.

आता या टाकीचे आपण काय करतो ते पाहू. पहिला प्रकार सपाटीकरणाचा. नैसर्गिक खळगे पाणी थोपवून धरतात आणि सावकाश मुरवतात. ते बुजवले की पाणी थेट उताराला धावते, जाताना वर टाकलेली माती घेऊन जाते, आणि खालच्या विहिरीचे पाणी पावसाळ्यात लाल होते. मी अशी एक विहीर पाहिली आहे, जिच्या पायऱ्यांवर दोन पावसाळ्यांत चार बोटे गाळ बसला होता आणि घरातल्या बायका पाणी कपड्यातून दोनदा गाळून घेत होत्या.

दुसरा प्रकार चिरेखाणींचा. जांभा जमिनीत असताना मऊ असतो आणि हवा लागली की टणक होतो. याच गुणामुळे फ्रान्सिस बुकॅनन याने मलबारात पाहिलेल्या या दगडाला 1807 मध्ये विटेवरून ‘लॅटेराइट’ असे नाव दिले, आणि याच गुणामुळे कोकणातले घर पिढ्यान्पिढ्या चिऱ्याचे होते. चिरा वाईट आहे असे मी म्हणणार नाही. तो भाजावा लागत नाही आणि घर थंड ठेवतो. पूर्वी हातकुऱ्हाडीने गावापुरते चिरे निघत. आता यंत्राच्या पात्याने सरळ काप घेत खाण खोल जाते, चिरे ट्रकने घाटावर जातात, आणि कित्येक ठिकाणी खाण चिकणमातीच्या थरापर्यंत पोहोचते. टाकीचा तळच उघडा पडला तर वाडीच्या झऱ्याचे काय होणार, हे वेगळे सांगायला नको. खाण संपल्यावर खड्डा भरून जमीन पूर्ववत करण्याचे काम मी प्रत्यक्षात फार क्वचित पाहिले आहे.

---

सातारी माती

कोकणातल्या मंडळींनी सड्याविषयी लिहिले, मी घाटमाथ्यावरच्या पठारांविषयी लिहितो. कास आता सर्वांना ठाऊक आहे. साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटरवरचे हे पठार 2012 मध्ये पश्चिम घाटाच्या 39 स्थळांबरोबर जागतिक वारसा यादीत गेले आणि त्यानंतरच्या हंगामांत तिथे जे लोंढे आले ते आम्ही डोळ्यांनी पाहिले. फुलांत बसून छायाचित्रे काढणे, गाड्या थेट पठारावर नेणे, प्लास्टिक टाकणे हे सर्व झाले. नंतर दिवसाला तीन हजार पर्यटकांची मर्यादा आली, ऑनलाइन नोंदणी आली, आणि आसपासच्या गावांतील मंडळी हंगामात व्यवस्था पाहू लागली. हे सर्व आवश्यकच होते.

परंतु त्यातला एक अनुभव इथे मुद्दाम नोंदवावासा वाटतो. गर्दी आवरण्यासाठी पठाराला तारेचे कुंपण घातले गेले आणि गुरांची चराईही बंद झाली. पठाराचे रक्षण करायचे तर आधी गुरे बाहेर काढावीत, असे तेव्हा बहुतेकांना स्वाभाविक वाटले होते. काही वर्षांत जाणकार आणि स्थानिक गावकरी दोघेही सांगू लागले की गवत माजले आहे आणि फुलांचे गालिचे विरळ झाले आहेत. पिढ्यान्पिढ्या गुरे गवत खात होती म्हणून छोट्या फुलांना ऊन मिळत होते. अमरी यांनी वर जे जोमदार गवताविषयी लिहिले आहे, तेच इथे कुंपणामुळे घडले. पुढे ते कुंपण काढण्यात आले. त्यामुळे ‘माणसाचा हस्तक्षेप’ हा शब्द सरसकट वापरताना मी आता थबकतो. गुराख्याचा वावर आणि पोकलेनचा वावर हे एकाच तागडीत तोलता येत नाहीत.

आमच्याच जिल्ह्यात चाळकेवाडीचे पठार आहे. तिथे पवनचक्क्या येऊन दोन दशकांहून अधिक काळ झाला. स्वच्छ ऊर्जा म्हणून आम्हाला त्यांचा अभिमानच होता आणि आजही वीज हवी हे मान्य आहे. त्या पठारावर ‘सारडा सुपर्बा’ नावाचा सुंदर सरडा आढळतो. त्याच्या गळ्याखाली निळा, काळा आणि केशरी असा पंखा उलगडतो, आणि आपल्या ‘सरडा’ या शब्दावरूनच 2016 मध्ये त्याच्या प्रजातीला (genus) नाव मिळाले. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्ष्यांचे प्रमाण जवळजवळ चौपटीने कमी आहे आणि त्यामुळे सरड्यांची संख्या वाढली आहे. ऐकायला बरे वाटते, पण तेच सरडे अंगाने रोडावलेले होते आणि माणूस जवळ आला तरी लवकर पळत नव्हते. एक पाते आकाशात फिरते आणि त्याचा परिणाम जमिनीवरच्या वीतभर प्राण्याच्या वागण्यात उतरतो, हे वाचल्यापासून त्या पठारावर गेलो की माझी नजर आपोआप आधी वर आणि मग दगडांकडे जाते.

---

पेडण्याची

गोव्याहून एक छोटी भर. पेडणे तालुक्यातील मोपाच्या पठारावर विमानतळ झाला आणि जानेवारी 2023 पासून तिथून विमाने उडू लागली. विमानतळ हवा की नको याविषयी लोकांची मते वेगवेगळी आहेत आणि त्या वादात मी इथे शिरत नाही. पण पठार म्हणजे ‘रिकामी, सपाट, वस्ती नसलेली जागा’ अशा भाषेत त्याची चर्चा वर्षानुवर्षे झाली, आणि पायथ्याच्या गावांतल्या झऱ्यांचा विषय नेहमी शेवटी आला. पाणलोट यांनी टाकीचा दाखला दिला आहे, तोच आम्ही त्या वेळी वापरायला हवा होता.

---

रेघ

सड्यावर आणखी एक गोष्ट आहे, जी एकदा गेली की कोणत्याही पावसाने परत उगवत नाही, आणि ती म्हणजे कातळशिल्पे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील सड्यांवर प्राचीन माणसाने कातळात कोरलेल्या आकृती गेल्या काही वर्षांत मोठ्या संख्येने उजेडात आल्या. कशेळीचा हत्ती सुमारे 18 मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात इतर असंख्य प्राणी कोरलेले आहेत. उक्षी, जांभरुण, देवीहसोळ, बारसू, कुडोपी अशी काही स्थळे 2022 मध्ये जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. ही चित्रे जमिनीला समांतर कोरलेली असल्यामुळे त्यांच्यावरून चालता येते, गाडी नेता येते, आणि त्यांवर माती टाकली की ती दिसेनाशी होतात. जो भाग चिरेखाणीत गेला, त्याच्यावर काय होते हे आता कळण्याचा मार्ग नाही.

एक विनंती छायाचित्रे काढणाऱ्यांना आहे. रेघा उठून दिसाव्यात म्हणून खडू किंवा चुना भरलेला मी अनेक ठिकाणी पाहिला आहे. सकाळी सातच्या आसपास किंवा संध्याकाळी ऊन तिरपे असताना जावे. रेघेच्या एका काठाची सावली रेघेत पडते आणि आकृती स्वतःहून दिसू लागते. त्यासाठी काहीही भरावे लागत नाही.

---

नवी पालवी

मी शिक्षिका आहे. आमच्या शाळेने येत्या पावसाळ्यात सड्यावर वृक्षारोपण करायचे ठरवले आहे, पाचशे रोपे मंजूरही झाली आहेत. हा धागा वाचून मी गोंधळले आहे. मुलांना झाडे लावू नका असे सांगायचे का?

---

अमरी

नवी पालवी, मुलांना झाडे लावू द्यावीत, फक्त जागा बदलावी. सड्यावर माती भरून रोपे लावली तर बरीचशी मे महिन्यात मरतील, आणि जी जगतील ती मूळच्या वनस्पतींवर सावली धरतील. सावली ही सड्यावरच्या बहुतेक वनस्पतींसाठी आपत्ती असते. त्याऐवजी सड्याच्या कडेचा उतार, पऱ्ह्याचे (ओढ्याचे) काठ आणि वणव्याने उजाड झालेली राने निवडावीत. तिथे माती आहे आणि पूर्वी झाडे होतीच. किंजळ, ऐन, जांभूळ, कोकम, वावळा अशी स्थानिक रोपे मिळाली तर उत्तम. सड्यावर मुलांना सप्टेंबरमध्ये न्यावे आणि प्रत्येकाला एक हात लांब, एक हात रुंद असा चौकोन दोरीने आखून द्यावा. त्या चौकोनात किती प्रकारची पाने, फुले आणि किडे आहेत, हे त्यांनी वहीत मोजून लिहावे. माझ्या अनुभवात मुले पहिल्या पाच मिनिटांत ‘काहीच नाही’ म्हणतात आणि पाऊण तासाने उठायला तयार नसतात.

---

कलमवाला

माझ्या वाटणीचा अजून सव्वा एकर कातळ मोकळा आहे. मुलाने त्यावर सपाटीकरण करण्याचा विचार बोलून दाखवला होता आणि यंत्राचा भावही काढून आणला होता. काल रात्री त्याला हा धागा वाचायला दिला. मधली तळी आणि तिच्या भोवतीचा कातळ सोडून, फक्त दक्षिणेकडे जिथे आधीच माती आहे तिथे जुन्या पद्धतीने खड्डे मारून तीसेक कलमे लावायची, इथपर्यंत आमचे बोलणे आले आहे. त्याचा प्रश्न असा आहे की तळीभोवती किती जागा सोडावी. मला उत्तर देता आले नाही.

---

पाणलोट

ठरावीक आकडा देणे चुकीचे ठरेल, कारण प्रत्येक सड्याचा उतार वेगळा असतो. जुलैमध्ये सलग दोन दिवस पाऊस पडल्यानंतर छत्री घेऊन स्वतः वर जावे आणि पाणी कोणकोणत्या बाजूंनी तळीत येते ते पाहावे. ज्या कातळावरून पाण्याची पातळ चादर तळीकडे सरकताना दिसेल, तिथपर्यंत चुन्याने नव्हे, तर सुट्या काठ्या ठेवून खूण करावी. खुणेच्या आत खड्डा मारू नये आणि तिथले दगडही उचलू नयेत. आपली हरकत नसेल तर मी जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात देवगडला येऊ शकतो.

---

कलमवाला

अवश्य यावे, वाट पाहतो. मुलगाही त्या आठवड्यात घरी आहे.

---

कातळवाट

जमत असेल तर मीही येतो. परतताना आमच्या वाडीवर थांबू. त्या दोन एकरांच्या मालकाशी मी काल बोललो. उरलेला कातळ दाखवायला ते तयार आहेत, आणि खालच्या विहिरीचे पाणी यंदा लाल का झाले, हे त्यांनाच विचारायचे आहे.